भिंतीपलीकडचं पाणी

भूगोलाच्या सरांना फळ्यावर नकाशा काढताना बघणं हा शाळेतला एक सोहळाच होता. खडू एकदा टेकवला की पुन्हा उचलायचा नाही. किनारा, खाड्या, सरहद्द, सगळं एका दमात, आणि शेवट बरोबर जिथून निघाले तिथेच. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना मुद्दाम सातवीच्या वर्गाच्या दारात आणून उभं करायच्या. सर पाठमोरे असायचे. पण दारात कोणीतरी आहे हे त्यांच्या पाठीला बरोबर कळायचं आणि मग एखाद्या खाडीला ते जरा जास्तच वळण द्यायचे.

अशा माणसाला सोडून पहिली ते चौथीच्या भूगोलाची आखणी मोठ्या बाईंनी कोणाकडे द्यावी? तर सरांच्याच बायकोकडे, तिसरीच्या बाईंकडे.

शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, की लहान मुलांचा भूगोल नुसता घोकून घेण्याचे दिवस गेले. खात्याने नवीन आखणी मागवली आहे, ती तिसरीच्या बाईंनी करावी. आधी एक पाठ नमुना म्हणून घ्यायचा, तो बघायला खात्यातले साहेब येतील. पसंत पडला, तर वर्षभराचा लहान वर्गांचा सगळा भूगोल तिसरीच्या बाईंच्या हाती. भूगोलाची खोलीसुद्धा.

सरांचा हात तोवर पिशवीत गेला होता. पिशवीत त्यांनी सुट्टीत, कोणी न सांगता, केलेली आखणी होती. पहिलीला पृथ्वीचा गोल, दुसरीला खंड, तिसरीला महासागर, चौथीला अक्षांश-रेखांश. सरळ समास आणि लाल शाईचे मथळे. 'हे काम कोण घेईल?' असं मोठ्या बाई विचारतील, सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतील, आपण थोडे आढेवेढे घेऊ आणि मग कागद बाहेर काढू, इथपर्यंत सगळं ठरलेलं. हात काही वेळ पिशवीत तसाच राहिला. मग त्यांनी रुमाल काढला आणि कोरडं कपाळ पुसलं.

"अभिनंदन, दोघांचंही," शेजारचे चित्रकलेचे सर कुजबुजले. "पद घरातच राहिलं म्हणायचं."

"हो ना," सर म्हणाले आणि हसले. म्हणजे दात दिसले एवढंच.

भूगोलाची खोली म्हणजे काही राजवाड्यातलं दालन नव्हतं. जिन्याखालची जागा ती. आत गुंडाळी नकाशे, एका महासागरात पोचा आलेला पृथ्वीगोल आणि ज्वालामुखीची एक प्रतिकृती, जिच्यात कोणीतरी दरवर्षी चॉकलेटचे कागद टाकायचं. पण तिची किल्ली सरांच्या जुडग्यात होती. नोकरीला लागल्यापासून होती. मधल्या सुट्टीत आत बसून चहा प्यायचा हक्क सबंध शाळेत त्यांच्या एकट्याचा होता.

तर सरांना हेवा वाटला. उगाच गोड शब्दांत कशाला सांगायचं, चांगला पोटातून वाटला. याआधी कधी कोणाचा हेवा वाटला नव्हता असं नाही. गणिताच्या सरांना बढती मिळाली तेव्हा वाटला होता, चित्रकलेच्या सरांचं चित्र सभागृहात लागलं तेव्हाही. पण तेव्हा घरी जाऊन बायकोजवळ मन मोकळं करता यायचं. ती ऐकून घ्यायची, वर दोन शब्द आपलेही घालायची आणि जेवणापर्यंत सगळं निवळायचं. या खेपेला जिच्याजवळ बोलायचं तिचाच हेवा. आपलेच दात नि आपलेच ओठ.

घरी जेवायचं टेबल हेच कामाचं टेबल. एका बाजूला सरांची आई मटार सोलत बसायची, दुसऱ्या बाजूला बाई आखणी लिहायच्या, आणि मधे सर, तपासायच्या वह्यांआड तोंड लपवून. पहिल्याच संध्याकाळी बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"काही राहिलंय का बघा ना. तुमची नजर तयार आहे."

सरांनी वाचलं. वर एकच प्रश्न लिहिला होता: आपण हात धुतो ते पाणी कुठे जातं? खाली पाठ. मुलांनी शाळेच्या नळांवर हात धुवायचे, आणि मग ते पाणी गटारातून जिकडे जाईल तिकडे त्याच्या कडेकडेने चालायचं. वाटेत उतार कुठे, वळण कुठे, कोणती दिशा, कोणाच्या दारातलं पाणी येऊन मिळतं, ते बघायचं आणि कागदावर रेषेने काढत जायचं. पाणी नदीला मिळालं की पाठ संपला. नदी, उपनदी, उतार, संगम, सगळे शब्द मुलांना पायांनी कळतील, असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं.

वाचता वाचता सरांच्या मनात जे आलं ते साधं होतं. भिंत.

शाळेच्या गल्लीतलं गटार न्हाव्याच्या दुकानावरून, इस्त्रीवाल्यावरून, सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर वळून उतरत जातं, इथपर्यंत सगळं ठीक. पण पुढे बर्फाचा कारखाना आहे. त्याची भिंत दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी पलीकडचं दिसणार नाही अशी. गटार लोखंडी जाळीतून तिच्याखाली शिरतं आणि दिसेनासं होतं. कारखान्यात कोणाला सोडत नाहीत. नदी पलीकडे आहे, पण तिसरीतल्या मुलाला 'पलीकडे आहे' एवढं सांगून भागत नाही.

सरांना हे ठाऊक होतं, कारण ते स्वतः तिथे जाऊन आपटले होते. नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हा सरांच्या डोक्यावर केस होते आणि डोक्यात कल्पना. वर्गाला घेऊन ते याच गटाराच्या काठाने निघाले होते. भिंतीपाशी सगळी वरात थांबली. "सर, पुढे?" एकाने विचारलं. "पुढे नदी." "कुठेय?" "भिंतीपलीकडे." "दाखवा ना." सरांनी भिंतीकडे बघितलं, मुलांनी सरांकडे बघितलं, आणि सगळे परत आले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय हो, भिंत दाखवायला नेलं होतंत का?" पुढची दोन वर्षं शाळेत त्यांना भिंतवाले सर म्हणत. त्यानंतर सरांनी खडू हातात धरला तो आजपर्यंत. फळ्यावर भिंत आडवी येत नाही.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"छान आहे," सर म्हणाले.

"काही अडेल का कुठे?"

"अडायचं काय त्यात? पाणी आहे, वाहत जातं."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि कागद मागे घेतला. सरांनी वही उघडली आणि एका पोराच्या बरोबर उत्तरावर लाल फुली मारली. मग ती खोडायला त्यांना बराच वेळ लागला.

आता न सांगण्यात काय मोठं पाप आहे, असं सर स्वतःला समजावत राहिले. खोटं तर आपण बोललो नाही. ज्याने आखणी करायची त्याने रस्ता बघून यायचा, हा साधा नियम. आणि आपल्याला काय विचारून काम दिलं होतं का? दुसरा एक आवाज याच्या खालून बोलत होता, तो जास्त खरा होता. होऊ दे एकदा. उभी राहू दे तीही त्या भिंतीसमोर, साहेबांच्या देखत. मग मोठ्या बाईंना आपोआप सातवीच्या वर्गाची आठवण होईल. सुंठीवाचून खोकला जाईल.

त्या आठवड्यात हेव्याला खाऊ-पिऊ घालायची सोय शाळेतच झाली. बाईंनी तिसरीच्या वर्गात फरशीवर खडूने मोठी दिशाचौकट काढली, सूर्य बघून, खऱ्या दिशांना धरून. मुलं एकमेकांना डावी-उजवी म्हणेनाशी झाली. 'माझ्या पूर्वेच्या मुलीने माझं खोडरबर घेतलं' अशा तक्रारी येऊ लागल्या. शिक्षकांच्या खोलीत त्याचे किस्से रंगले. चित्रकलेच्या सरांनी तर कहर केला. "काल एकाला म्हटलं सरक, तर विचारतो कुठल्या दिशेला."

सरांनी दुपारी व्हरांड्यात तिसरीतल्या एका चिमुरडीला अडवलं. चष्मा लावलेली, केसांना दोन रंगांच्या दोन फिती. "उत्तर कुठे आहे गं?" तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली, विचार केला आणि बोट दाखवलं ते थेट स्वच्छतागृहाकडे. बरोबर होतं. सर तिथून सातवीत गेले आणि तोच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला. सगळ्या वर्गाने हात वर केले आणि एकजात छताकडे बोट दाखवलं. वर्षानुवर्षं नकाशात उत्तर वर असते, तर खोलीतही ती वरच असणार.

सरांनी त्या दिवशी सातवीला विनाकारण गृहपाठ जास्त दिला.

घरी बाई रोज संध्याकाळी कागद सरकवायच्या. कधी चढ-उताराची खूण कशी असावी म्हणून विचारायच्या, कधी मुलांना मोजायला पावलं सांगू की काठी देऊ. आणि दर वेळी शेवटी, पेनचं टोपण लावता लावता, "रस्त्याचं काही सुचत असेल तर सांगा हं. हा भाग माझ्यापेक्षा तुमच्या पायाखालचा." सर म्हणायचे, "चांगलं झालंय, उगाच फार कोरू नको." टेबलाच्या कोपऱ्यात त्याच दिवसांत एक पत्र्याचा डबा आला. आईचा जुना बटणांचा डबा. त्यात बाई रंगीत पेन्सिलींची सालं साठवत होत्या, टोक करताना गोल गोल निघतात ती. वर्गातली मुलंही आणून देत.

"हा कचरा कशाला?" सरांनी विचारलं.

"लागेल," बाई म्हणाल्या.

"चिकटकाम असेल," सर आईकडे बघून म्हणाले. "हल्ली भूगोलात सगळं चालतं."

आईने एक शेंग मोडली. "दोन मास्तर एका घरात," ती म्हणाली, "फळा एक आणि हात दोन. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं."

"मी काय पुसलं?"

"मी कुठे तुझं नाव घेतलं?" आई म्हणाली आणि दाणे वाटीत टाकले.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी कागद सरकवला नाही. त्यांनी सरळ विचारलं. "उद्या मी मुलांना घेऊन जाते आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

सरांच्या ओठांवर आलं होतं. खरोखर आलं होतं. भिंत हा एक शब्द, त्याला काय लागतं. पण त्याच वेळी त्यांची नजर बाईंच्या हाताशी असलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेली. ते जुडगं त्यांचंच होतं. पसारा झाला म्हणून बाईंनी ते बाजूला ठेवलं होतं, इतकंच. सरांना मात्र ते आधीच गेल्यासारखं दिसलं.

"छत्री घे," ते म्हणाले. "ऊन असेल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सरांना रांगेच्या शेवटी चालायला सांगितलं, कोणी मागे राहू नये म्हणून. साहेब रांगेच्या मधोमध. उंच, किडकिडीत, हातात कसलाही कागद नाही, फक्त बघत चाललेले. पुढे बाई आणि त्यांच्याभोवती तिसरीचा सगळा वर्ग, पुठ्ठ्यावर कागद लावून, पेन्सिली सरसावून.

नळांवर हात धुतले गेले. नको इतके धुतले गेले. साबणाचा फेस गटारात उतरला आणि मुलं त्याच्यामागे. न्हाव्याच्या दुकानापाशी दारातून पाण्याची एक बारीक धार आली. "उपनदी," एकाने जाहीर केलं, आणि न्हावी वस्तरा हातात धरून आपल्या उंबऱ्याकडे बघायला बाहेर आला. इस्त्रीवाल्याच्या समोर पाणी संथ झालं, तर सपाटीची खूण कशी करायची यावर भांडण लागलं. सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर गटार वळलं. चष्मेवाली गिरकी घेऊन म्हणाली, "आता आपण पश्चिमेला." साहेब हसले. मोठ्या बाई साहेबांचं हसणं बघून हसल्या.

सर मागून सगळं बघत होते. पाठ रंगत चालला होता. नुसता रंगत नव्हता, फारच चांगला चालला होता, आणि त्यांच्यासारख्या जुन्या मास्तराला ते न कळणं शक्यच नव्हतं. जितकं कळत होतं तितका जळफळाट वाढत होता. प्रत्येक वळणाला ते मनात म्हणत होते, चला, आता थोडंच राहिलं.

कारखान्याची भिंत आली. गार, शेवाळलेली, आत यंत्रांची घरघर. गटाराचं पाणी जाळीतून खाली शिरलं आणि दिसेनासं झालं. रांग एकमेकांवर आदळत थांबली.

"बाई, पुढे?" कोणीतरी विचारलं.

तोच शब्द. जणू प्रश्न सरांनाच होता. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब बाईंकडे बघत होते.

बाई मुलांकडे वळल्या. घाई नव्हती, गडबड नव्हती. "हो, पुढे काय? मलाही इथून दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

पाणी आत संपतं, एक म्हणाला. आत त्याचा बर्फ करतात, दुसरा म्हणाला, आणि पुष्कळ जणांनी तोंड वाकडं केलं, कारण मधल्या सुट्टीत ते बर्फाचा गोळा खात असत. जमिनीत मुरतं. पलीकडे निघतं. मागे जातं. बाईंनी एकालाही चूक म्हटलं नाही. "कसं ठरवायचं मग? आत तर कोणी सोडणार नाही."

मग चष्मेवाली म्हणाली, "काहीतरी टाकूया. आणि पलीकडे जाऊन बघूया."

बाईंनी पिशवीतून बटणांचा डबा काढला.

सरांना तो डबा दिसला. भिंत बाईंना माहीत होती. नुसती माहीत नव्हती, सगळा पाठ त्या भिंतीसाठीच बांधला होता. आणि तरीही ती रोज विचारत होती.

"निम्मी मुलं माझ्याजवळ इथे थांबतील," बाई म्हणाल्या, "आणि निम्म्यांना घेऊन सर वळसा घालून नदीवर जातील. पोचलात की सायकलवाल्याकडून मागून आणलेली ही शिट्टी वाजवा, मग आम्ही सालं टाकू." त्यांनी शिट्टी सरांच्या हातात दिली. नजर दिली नाही.

नाही म्हणायची ती जागा नव्हती. सर निघाले. साहेबही त्यांच्याबरोबर निघाले. भिंतीच्या कडेने, गोदामाच्या मागून, तुटक्या पायऱ्यांवरून खाली. चष्मेवालीने न विचारता त्यांचं बोट धरलं होतं.

"सर, तुम्ही पलीकडे गेला आहात ना?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग नदी तिथे आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"नकाशात आहे," सर म्हणाले.

तिला यावर काहीतरी म्हणायचं होतं, पण ती चांगल्या घरची मुलगी होती. साहेबांनी घसा साफ केला. सरांच्या मनात आलं की इतकी वर्षं आपण उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि भिंतीला वळसा घालायला किती वेळ लागतो, तर हा एवढा.

नदी होती. काठाच्या दगडी बांधातून एक गोल तोंड बाहेर आलं होतं आणि त्यातून पाण्याची जाडसर धार नदीत पडत होती. सरांनी शिट्टी वाजवली. मुलं काठावर उकिडवी बसली, सगळ्यांची नजर त्या तोंडावर.

काही आलं नाही. फक्त पाणी. सरांच्या मनात त्या वेळी जे होतं ते लिहायलाच हवं: येऊ नये, असं त्यांना वाटत होतं. आत जाळी असेल, हौद असेल, अडेल. मुलांच्या तोंडावरची आशा बघत असूनही वाटत होतं. हेवा असाच असतो, लहान पोरांचाही विचार करत नाही.

मग धारेतून एक लाल वेटोळं बाहेर आलं, पाण्यावर गिरकी घेऊन नदीकडे निघालं. पाठोपाठ हिरवं. मग पिवळी, निळी, जांभळी, सगळी दाटीवाटीने.

"आली!" कोणीतरी इतक्या मोठ्याने ओरडलं की भिंतीपलीकडूनही मुलांचा ओरडा उलट आला. सरांच्या लक्षात आलं की ओरडलेले आपणच. त्यांचा एक बूट घोट्यापर्यंत चिखलात होता आणि ते वाकून नदीत शिरणाऱ्या सालांकडे बोट दाखवत होते. मुलं त्यांच्या कोटाला लोंबकळली होती. एक क्षण, खरोखर एकच क्षण, त्यांना कोणाचाही हेवा वाटला नाही. मग लगेच वाटला, आणि आधीपेक्षा जास्त. हा पाठ माझा होता. मी तो अर्ध्यावर सोडला आणि तिने पुरा केला.

परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंना विचारलं, "भिंतीचं आधीच बघून ठेवलं होतंत?"

"नाही, मला सरांनी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "ते पूर्वी मुलांना घेऊन इथवर आले होते. पुढे कसं जायचं, हाच प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला होता."

साहेबांनी सरांचा हात हातात घेऊन हलवला. मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, दोघांनी मिळून केलं." चित्रकलेच्या सरांनी शाळेत पोचल्यावर टाळ्या वाजवल्या. सरांना वाटलं, त्यापेक्षा कोणीतरी दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी जाताना दोघं नेहमीच्या रस्त्याने चालत होते. सरांच्या एका बुटातून चपक चपक आवाज येत होता. सायकलवाल्याला शिट्टी परत देऊन झाल्यावर सरांनीच तोंड उघडलं.

"मी तुला भिंतीचं कधी सांगितलं होतं? मला आठवत नाही."

"मला आठवतं. तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा. घरच्यांनी आपल्याला गच्चीवर बोलायला पाठवलं. त्याआधी एकजण येऊन गेला होता, तो तासभर स्वतःची बढती सांगत बसला होता. तुम्ही म्हणालात, मला शाळेत भिंतवाले सर म्हणतात, आणि का म्हणतात ते सगळं सांगितलंत. पोरं कशी बघत होती, तुम्ही कसे परत आलात. मी खाली येऊन माझ्या आईला सांगितलं, हा माणूस चालेल. स्वतःचा फसलेला पाठ पहिल्या भेटीत सांगतोय."

सर आपल्या चिखलाच्या बुटाकडे बघत चालत राहिले.

"त्या दिवशी मी विचारलंही नव्हतं," बाई म्हणाल्या. "या आठवड्यात रोज विचारलं."

"मला हेवा वाटला," सर म्हणाले. शब्द बाहेर आला तेव्हा किती लहान वाटला.

"ते मला बैठकीतच कळलं. तुम्ही कोरडं कपाळ पुसलंत. वाटू दे की हेवा, मलाही तुमच्या नकाशांचा इतकी वर्षं वाटतोच. पण मी तुमचा खडू कधी लपवला नाही."

पुढच्या वळणावर ते घराकडे वळले. घरी आल्यावर सरांनी जुडग्यातून भूगोलाच्या खोलीची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली. राहू दे तुमच्याकडे, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी टेबल तसंच भरायचं. आई शेंगा सोलायची, बाई पुढचा पाठ लिहायच्या, सर वह्या तपासायचे. फरक एवढाच की पेनचं टोपण लागायचं, कागद घडी होऊन पिशवीत जायचा आणि बाई उठून जायच्या. काही राहिलंय का, हा प्रश्न घरातून गेला. त्या रागावलेल्या नव्हत्या. जेवताना बोलायच्या, हसायच्या, सरांच्या ताटात वाढायच्या. फक्त विचारत नव्हत्या. रोज येणारा तो कागद थांबल्यावर सरांना कळलं की तो आपल्या किती जवळचा होता. आता त्यांना हेवा वाटे तो चित्रकलेच्या सरांचा, कारण बाई नकाशातल्या खुणा आता त्यांना दाखवत होत्या.

पुढचा पाठ टेकडीचा होता, हे सरांनी टेबलाच्या आपल्या बाजूने, उलट्या दिसणाऱ्या कागदावरून वाचलं. पाण्याच्या टाकीजवळच्या टेकडीवर मुलांना न्यायचं, वरून शाळा, गल्ली, कारखाना, नदी बघायची आणि मावळतीला सूर्य कुठे जातो ते पाहून मग उतरायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर घरी उशिरा आले. बुटांना धूळ होती, श्वास लागला होता. बाई लिहीत होत्या. सरांनी पाणी प्यायलं, खुर्ची ओढली आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "टाकीचं फाटक सूर्य मावळायच्या आधीच बंद करतात. रखवालदार थांबत नाही. आणि शेवटचा चढ निसरडा आहे, लहान मुलांना तो जमणार नाही. मागच्या बाजूने एक पायवाट आहे."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली नाही.

"आठवणीतून सांगताय की बघून आलात?"

"बघून आलो."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या. मग कागद जरासा सरकवला, पुरता नाही, दोघांच्या मधे, आणि पेन त्यावर ठेवलं.

"पायवाट कुठून निघते, काढून दाखवा."

सरांनी पेन उचललं आणि सवयीने एका दमात रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर ते थांबले, पेन उचललं आणि म्हणाले, "इथून पुढचं मला नक्की आठवत नाही. उद्या येशील का बरोबर?"